शितल पाणी

"कुणाचं गाणं हाय हे?"

"माझं," असं संतराम म्हणाला आणि त्याच्या कानाखाली अशी बसली की डोक्यावरचा फेटा उडून बँजोच्या गाडीखाली गेला.

"नीट सांग. कुणाचं?"

"माझंच हाय भाऊ. मीच बसवलंय."

दुसऱ्या कानाखालीही बसली.

औंढ्याच्या अलीकडच्या एका गावात वरात पारापर्यंत आली होती. नवरदेव घोड्यावर होता, पोरं धुळीत नाचत होती आणि माणिकरावच्या बँजो पार्टीचा गायक संतराम गाडीवर उभा राहून, माईक तोंडाशी धरून 'विहिरीचं पाणी शितल शितल' रंगवत होता. तेवढ्यात गर्दीत मोटारसायकली घुसल्या आणि पहिला दांडा बँजोवर पडला. तारा तुटल्याचा आवाज भोंग्यातून असा काही निघाला की घोडं उधळलं. नवरदेव त्याच्या मानेला मिठी मारून पार शाळेपर्यंत गेला. दुसरा दांडा खरं तर माणिकरावच्या हातावर यायचा होता, त्यानं बँजोच पुढे केला. वीस वर्षांची दोस्ती त्याची आणि त्या बँजोची, पण वेळ आली की माणूस आधी स्वतःचे हात वाचवतो. मग मोटारसायकलवरच्या पोरांनी संतरामला गचांडी धरून खाली ओढलं.

ओढणारा योगेश होता. पळसतांड्याचा, पंचविशीतला, अंगानं काटक. प्यायलेला असता तर बरं झालं असतं, चार लोकांनी धरून बाजूला नेला असता. पण तो प्यायलेला नव्हता.

"शेवटचं इचारून राहिलो. कुणाचं गाणं?"

संतरामचा ओठ फाटला होता. मार बसला की माणूस खरं बोलतो म्हणतात. संतरामही, त्याच्या समजुतीप्रमाणे, खरंच बोलला. "कुणाचंच न्हाई रे बाबा. तांड्यातल्या बायकायचं हाय. त्याला कोण मालक?"

तोवर योगेश हातानं मारत होता. आता त्यानं दांडा उचलला.

संतराम खाली पडला तेव्हा वऱ्हाडातलं कोणी पुढे आलं नाही. लग्नाच्या गर्दीत नाचायला शंभर माणसं असतात, सोडवायला एक नसतं. पोरांनी त्याला उचलून मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवला आणि नेला.

*

संतराम तसा कोणाच्या अध्यात ना मध्यात. जवळा बाजार गावात त्याची एक ऑटो होती, वर भोंगा बांधलेली. बी-बियाण्याच्या दुकानाची जाहिरात, डोळ्यांचं शिबिर, हरवलेलं पोर, नळाला पाणी न येण्याची सूचना, सगळं त्याच्याच आवाजात गावभर फिरायचं. बाजारातल्या अर्ध्या लोकांना त्याचं तोंड माहीत नव्हतं, आवाज सगळ्यांना माहीत होता. कोणी वारलं तर तेही तोच सांगायचा. अमक्या गावचे अमके, तमक्याचे वडील, असं नाव तो इतकं सावकाश आणि पूर्ण घ्यायचा की अनोळखी माणूसही हातातला चहा खाली ठेवायचा.

लग्नसराईत मात्र तो माणिकरावच्या पार्टीत गायचा. तिथं त्याची खासियत एकच होती, नाव बसवणं. कुठलंही सिनेमातलं गाणं घ्यायचं, त्यातल्या हिरोइनीचं नाव उचलून बाहेर ठेवायचं आणि तिथं नवरदेवाचं, त्याच्या काकाचं, नुकत्याच निवडून आलेल्या सरपंचाचं, ज्याचं असेल त्याचं नाव बसवायचं. माणिकराव म्हणायचा, "संतरामला रेशनकार्ड द्या, त्याचं बी गाणं करंल." कोणी शहाण्यानं विचारलंच की बाबा दुसऱ्याचं गाणं असं मोडतोस, काही वाटत नाही का, तर संतरामचं उत्तर तयार असायचं. "गाणं म्हंजे एसटीचं सीट हाय. ज्यानं रुमाल टाकला त्याचं."

मग एकदा माणिकरावच्या पुतण्यानं पार्टीचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि आठवड्यात तो उडाला. गाणं सिनेमाचं होतं, मालकानं हक्क सांगितला म्हणे. माणिकराव चिडला. "असं गाणं काढ ज्याला मालकच न्हाई. मंग बघू कोण क्लेम करतंय."

असं गाणं संतरामच्या कानात आधीपासून होतं. एका बंजारा तांड्यावरच्या लग्नात नवरी निघताना बायका तिच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत होत्या. ढावलो म्हणजे रडत म्हणायचं गाणं, लेक सासरी निघाली की म्हणायचं. बोली त्यांची गोरमाटी, संतरामला त्यातले दोनच शब्द कळले, 'पाणी' आणि 'शितल'. पण चाल अशी की अंगावर काटा यावा. त्यानं ती चाल उचलली, तिला ढोलकीचा ठेका दिला, आणि कळलेल्या दोन शब्दांवर घर बांधलं:

विहिरीचं पाणी शितल शितल,
भिजली रे सजणी, भिजली अंगभर.

गाणं पेटलं. एका लग्नसराईत ते वारंगा फाट्यापर्यंत गेलं, डीजेवाल्यांनी उचललं, पोरांनी रिंगटोन केली. संतरामला पहिल्यांदाच वाटलं की आपण काहीतरी केलं. आतापर्यंत तो दुसऱ्यांची नावं बसवत होता. ह्या गाण्याला लोक 'संतरामचं गाणं' म्हणायला लागले होते.

*

पळसतांड्यावर जिवनबाई दारात बाजेवर बसून तुरी निवडत होती. तिच्या लेकानं, योगेशनं, संतरामला तिच्यासमोर ढकललं, तसं तिनं सूप बाजूला ठेवलं.

"काहून मारलं? मी नुस्तं आणाया सांगितलं व्हतं."

"जित्ता आणला ना," योगेश म्हणाला.

म्हातारीनं संतरामला तांब्या दिला. त्यानं चूळ भरली, लाल पाणी मातीत गेलं. ती म्हणाली, "लग्नात म्हणतूस तसं म्हण."

"माय, माझं तोंड बघा जरा."

"म्हण."

योगेश दांड्यावर हात ठेवून उभाच होता. संतराम म्हणायला लागला. ना बँजो, ना ढोलकी, फुटक्या ओठातून निम्मे शब्द वाऱ्यावर. तरी दुसऱ्या ओळीला शेजारच्या दोन-चार लेकरांनी ओळखलं. ती धावत आली आणि अंगणात नाचायला लागली. एक पोरगी तर दोन्ही हात डोक्यावर घेऊन अगदी व्हिडिओतल्यासारखी कंबर हलवत होती. योगेश ओरडून त्यांच्या अंगावर गेला तशी ती पांगली.

"बघितलंस?" जिवनबाई म्हणाली. "ती कंबर हलवत व्हती ती माझी नात हाय. शितलची थोरली."

"कोण शितल?"

बाई त्याच्याकडे बघत राहिली. ह्याला खरंच माहीत नाही, हे तिला तेव्हा कळलं असावं. तिनं तिचं गाणं गोरमाटीत म्हटलं. चाल तीच होती. पण ठेका नव्हता, आणि ठेका काढून घेतल्यावर तिथं दर ओळीनंतर एक श्वास उरत होता. त्या श्वासात ती बाई कोणाची तरी वाट बघितल्यासारखी थांबायची. गाणं संपलं तेव्हा ती रडत नव्हती.

"आता मराठीत सांगते, ऐक. पाण्या, हळू हाल, माझी शितल निजली हाय. शितल म्हंजे गार न्हाई. शितल म्हंजे माझी लेक. माळतांड्याच्या फुलसिंगच्या घरात दिली व्हती, त्याच्या शंकरसिंगला. दुसरी बी पोरगीच झाली म्हणून मारायचे. एक दिवस विहिरीत सापडली. पाणी शेंदताना पाय घसरून पडली, असं कागदावर लागलं." ती थांबली. "त्या विहिरीवर मोटर हाय, बाबा. तिथं पाणी शेंदाया कोण जातंय?"

संतरामनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"कागदावर पडली. कोरटात पडली. आमच्या जातपंचायतीत बी पडलीच म्हणले, फुलसिंग मुकादम हाय, अर्धा तांडा त्याच्या टोळीत ऊस तोडाया जातो. म्हणून मी गाण्यात म्हणलं, पडली न्हाई रे पाण्या, तिला टाकली. तेवढी एकच जागा हाय जिथं माझी लेक पडली न्हाई. लेक सासरी निघाली की आमी तिच्या गळ्यात पडून हे म्हणायचो. तिनं ध्यान ठेवावं म्हणून. आता म्हणाया गेलं की पोरं शिट्ट्या मारतात. नवरी बी हासती."

"माय, मला ठाऊक नव्हतं. नागनाथाची आण. आजपासून बंद करतो मी ते गाणं."

"तू बंद केल्यानं काय व्हतंय? डीजे वाजवतूय. मोबाईलात हाय. बंद नको करू. माझं गाणं मला वापस दे."

"गाणं वापस कसं देऊ?"

"म्हणून नेलंस, म्हणून दे. लोक नाचले तिथं उभा राहा आन् बराबर म्हण."

योगेश मध्ये बोलला. "आठ दिसानं माळतांड्यावर बँजो कुणाचा हाय, इचार त्याला. शंकरसिंगचं दुसरं लगीन हाय. ह्यायचीच पार्टी सांगितली फुलसिंगनं, मुद्दाम."

संतरामला हे माहीत नव्हतं. तारखा माणिकराव घ्यायचा.

"तिथं म्हण," जिवनबाई म्हणाली. "मराठीत म्हण, समद्यायला कळंल असं."

नाव बसवण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. तिथंच, त्या अंगणात, फुटक्या तोंडानं त्यानं तिचे शब्द तिच्या चालीवर बसवले:

पाण्या रे, हळू हाल, माझी शितल निजली,
पडली न्हाई रे पाण्या, तिला टाकली, टाकली.

म्हातारीनं ते दोनदा म्हणून घेतलं. "बराबर," ती म्हणाली आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

*

घरी गोजरबाईनं नवऱ्याच्या तोंडाला हळद लावली आणि सगळं ऐकून घेतलं. तिला वाटलं होतं दारूच्या भांडणात मार खाल्ला असेल; तसं असतं तर तिला बोलायला सोपं गेलं असतं.

"मंजुषा आठवती का तुमाला? माझी मावसबहीण. आपल्यात काय विहिरी कमी हायत का? तिच्या वक्ताला आपण तेराव्याला जेवून आलो. बुंदी चांगली झाली व्हती म्हणलात तुमी."

"गोजर, ते लोक मला जित्ता सोडणार न्हाईत."

"मग जाऊ नका. आजारी पडा. पण गेलात तर ते नाचायचं म्हणू नका. मला आता ऐकवणार न्हाई ते."

न जाण्याचा बेत त्यानं पक्का केला होता. माणिकरावला तसं सांगितलंही. माणिकरावनं हात जोडले. नवा बँजो उसना आणलेला, सराईचे शेवटचे दिवस, आणि फुलसिंगला नाही म्हणायचं म्हणजे पुढच्या वर्षी एकाही तांड्यावर पाय ठेवता यायचा नाही.

आणि बाजाराच्या दिवशी फुलसिंग स्वतःच आला. संतराम ऑटोत बसून खताच्या दुकानाचं सांगत होता. फुलसिंगनं बाहेरून हात घालून भोंग्याचं बटण बंद केलं. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, चेहरा हसरा.

"तकलीफ झाली म्हणे तुमाला. त्या पोरायला आत टाकायचं का? नुस्तं म्हणा."

"न्हाई, न्हाई. मिटलं ते."

"मिटलं? बरं झालं. संतरामभाऊ, तुमचे लई उपकार हायत आमच्यावर. आधी त्या बाया उगाच रडायच्या, लोक आमच्याकडं बघायचे. तुमी त्या गाण्याचं सोनं केलं. आता कोण रडत न्हाई, समदे नाचून राहिले." त्यानं संतरामच्या सुजलेल्या गालावर मायेनं हात ठेवला आणि अंगठा नेमका फुटलेल्या जागी रोवला. "वरात तांड्यात शिरली की तेच म्हणायचं. माझ्या दारापर्यंत. आजारी-बिजारी पडू नका."

डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्यानं अंगठा दाबून धरला. मग बटण पुन्हा चालू करून दिलं आणि कांद्याच्या ओळीकडे निघून गेला. संतरामला खताचं पुढचं वाक्य आठवेना.

*

लग्न लागून वरात माळतांड्यात शिरली तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं. शिवेवरच ती विहीर होती. तोंडावर आता लोखंडी जाळी, आणि जाळीतून मोटरचा काळा पाइप बाहेर आलेला. वरात तिला वळसा घालून गेली, कोणी तिकडे बघितलं नाही.

फुलसिंगनं हात वर केला. माणिकरावनं चाल धरली.

आणि संतरामनं नाचायचंच गाणं म्हटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. रात्रभर मनाशी घोकलेले जिवनबाईचे शब्द गालावरच्या त्या अंगठ्याच्या आठवणीनं विरघळले. 'विहिरीचं पाणी शितल शितल.' गर्दी उसळली. शंकरसिंग घोड्यावरून नोटा उडवत होता. फुलसिंग दोन्ही हात वर करून स्वतः नाचत होता, आणि तो चांगला नाचत होता.

मागे जीपमध्ये नवरी होती. संतराम गाडीवर उंच उभा होता म्हणून त्याला ती दिसली. एकोणीस-वीस वर्षांचं लेकरू. घुंगट थोडा मागे सरकला होता आणि मेंदीची बोटं ती जीपच्या दारावर ठेक्यात वाजवत होती. गाणं तिच्या आवडीचं असणार. तोंडानंही ती तेच म्हणत होती, भिजली रे सजणी, भिजली अंगभर.

संतरामचा आवाज थांबला. ढोलकी दोन ठेके पुढे जाऊन अडखळली. माणिकरावनं मान वळवून बघितलं आणि त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याचे हात तारांवरून खाली आले.

संतराम गर्दीकडे पाठ करून जीपकडे वळला. गाण्याच्या आधी त्यानं नाव घेतलं, ऑटोतून मेलेल्या माणसाचं घेतो तसं, सावकाश, पूर्ण. "पळसतांड्याच्या जिवनबाईची लेक, माळतांड्याच्या शंकरसिंगची बायको, शितल." भोंग्यातून ते सगळ्या तांड्यावर गेलं. मग त्यानं ठेक्याशिवाय म्हटलं:

पाण्या रे, हळू हाल, माझी शितल निजली...

एकही माणूस हलत नव्हता. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला आणि तिच्या घशातून तीच चाल, हुंदक्यासारखी, आपोआप निघाली. नवरीची बोटं दारावर थांबली होती.

आता दुसरी ओळ होती. संतरामनं श्वास घेतला, मान वळवली आणि फुलसिंगच्या डोळ्यांत बघितलं. तिथंच चुकलं. जीभ टाळूला लागली होती, शब्द ओठावर आला होता. पण मनात कोणीतरी म्हणालं, एवढं पुरे झालं, नाव घेतलंस, ह्याच्या पुढे गेलास तर मरशील. आणि आयुष्यभराच्या सवयीनं त्यानं एक शब्द उचलून बाहेर ठेवला आणि दुसरा बसवला:

विहिरीत रे पाण्या, शितल पडली, पडली...

शब्द बदलून फायदा काय झाला? काहीही नाही. शंकरसिंगनं घोड्यावरूनच उडी टाकली. त्याला गाडीवर चढवणारे हात किती होते कोण मोजणार. संतरामला आधी लाथा बसल्या, मग चपला, मग माईकचा लोखंडी स्टँड. माईक गाडीवरच पडला होता आणि भोंगा चालू होता. त्यामुळे स्टँड जबड्यावर बसल्याचा आवाज, हाड मोडल्याचा आवाज, आणि फुलसिंगचं "तोंडावर, तोंडावर मारा" हे माळतांड्यातल्या प्रत्येक घरात ऐकू गेलं. माणिकराव मध्ये पडला. ह्या वेळी त्यानं बँजो पुढे केला नाही, हात केले, आणि डाव्या हाताची दोन बोटं मोडून घेतली.

जीपच्या काचा कोणीतरी वर केल्या होत्या. आत नवरी काचेला कपाळ लावून बघत होती.

*

नांदेडच्या दवाखान्यात संतरामचे वरचे-खालचे दात, जे राहिले होते ते, तारेनं एकत्र बांधले. समोरचे गेलेच होते. जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. गोजरबाई दाताच्या फटीतून नळीनं पेज पाजायची. डॉक्टर म्हणाले, जेवता येईल, बोलताही येईल, पण पहिल्यासारखा आवाज विसरा. जवळा बाजारात खताच्या दुकानदारानं नांदेडहून आवाज भरून आणला होता आणि दुसऱ्याच ऑटोवर तो फिरत होता. हे गोजरबाईनं नवऱ्याला सांगितलं नाही, माणिकरावनं सांगितलं. त्याला वाईट बातमी पोटात ठेवता येत नसे.

फुलसिंगच्या घरचे दोघे आत गेले होते आणि सुटूनही आले होते. नवरी मात्र पाचपरतावनाला माहेरी गेली ती परत आलीच नाही, असंही माणिकराव म्हणाला. खरं-खोटं तो आणि त्याचा देव जाणे.

एका दुपारी जिवनबाई आली. योगेश बरोबर होता, पण तो दारातच भिंतीला टेकून उभा राहिला. स्वतःच्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. म्हातारी स्टुलावर बसली. फळं-बिस्किटं काही आणलं नव्हतं. तिनं संतरामच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

"मोबाईलात ऐकलं मी. कुणीतरी काढलं व्हतं. लोकाय-लोकायत गेलं." मग म्हणाली, "नाव बराबर घेतलंस. असं नाव तिचं कुणी घेतलं नव्हतं. मेली तेव्हा बी न्हाई."

संतरामच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण एक शब्द बदललास."

त्यानं डोळे मिटून घेतले. गोजरबाईच्या हातातली पेजेची वाटी खाटेवर आपटली.

"ह्या माणसानं तोंड फोडून घेतलं तुमच्या पोरीपायी! भाकर खाता येत न्हाई त्यायला! आन् तुमी शब्द इचारून राहिल्या?"

जिवनबाईला राग आला नाही. तिनं गोजरबाईचा हात धरून तिला खाटेच्या कडेवर बसवलं. "मार त्यानं 'टाकली'चाच खाल्ला ना बाई? पडली म्हणल्यानं एक तरी लाथ कमी बसली का? मग म्हणायचं तरी व्हतं."

गोजरबाई रडायला लागली. कदाचित नवऱ्यासाठी असेल, कदाचित मंजुषासाठी.

संतरामनं हात हलवून म्हातारीला जवळ बोलावलं. तिनं कान त्याच्या तोंडाशी नेला. तारेआडून, सुजलेल्या जिभेनं त्यानं जोर लावला. तोंडातून 'आकली' असं काहीतरी आलं आणि हनुवटीवर लाळ आली.

"न्हाई," जिवनबाई म्हणाली. "ट. टाकली."

त्यानं पुन्हा जीभ वर नेली. टाळू सापडेना. "आकली."

"ट."

बाहेर व्हरांड्यात कोणाचा तरी मोबाइल वाजला. ठेका जोरात होता. विहिरीचं पाणी शितल शितल, भिजली रे सजणी. दारातल्या योगेशच्या मुठी वळल्या आणि सुटल्या. संतराम छताकडे बघत होता. ज्याचा फोन होता तो माणूस बराच वेळ उचलेना.

जिवनबाईनं पदरानं संतरामची हनुवटी पुसली आणि गाणं बंद होईपर्यंत थांबली.

"हां," ती म्हणाली. "म्हण आता."